पिवळ्या चौकड्यांचा शर्ट

"काकू, बडग्यासाठी जुने कपडे द्या ना," म्हणत मंडळाची पोरं दारात उभी राहिली, तेव्हा मीराबाईच्या मांडीवर विड्यांचं सूप होतं. तिनं तेंदूची पानं कातरायची कात्री बाजूला ठेवली. कित्येक दिवसांत तिच्या उंबऱ्याला गल्लीतल्या कुणाचा पाय लागला नव्हता. तिच्या बळीरामला टॉकीजसमोर ब्लॅकनं तिकिटं विकताना पोलिसांनी धरलं होतं, आणि तेव्हापासून नळावरच्या बायका तिला पाहून आपली घागर सरकवून घेत. आज पोरं आपणहून आली, म्हणजे गल्लीनं झालं गेलं पोटात घातलं, असं त्या भोळीला वाटलं. पेटीतून तिनं बळीरामला आखूड झालेला पिवळ्या चौकड्यांचा शर्ट काढून दिला. धुतलेला, गुंड्या शाबूत असलेला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबतीची, बाईच्या भल्यामोठ्या पुतळ्याची, मिरवणूक निघते. तिच्या संगतीला गल्लोगल्लीचे बडगे, बांबू-कागदाचे पुतळे. लोकांना ज्याचा वीट आला त्याचा बडग्या करायचा, शिव्या घालत मिरवायचा आणि शेवटी जाळून टाकायचा. कधी महागाईचा, कधी रॉकेल दडवणाऱ्याचा. या गल्लीच्या बडग्याचा सांगाडा आजवर बळीरामच बांधायचा. बांबू वाकवावा तर त्यानंच. यंदा त्याला बोलावणं आलं नाही.

पोरगा वाईट नव्हता. गिरणीतला बाप गेला, शाळा सुटली, कामाला कुणी उभं करीना. टॉकीजजवळच्या पानठेल्यावर भैयाजी नावाचा दादा बसे. बाप नसलेल्या पोरांवर त्याचा भारी जीव. चहा पाजी, खांद्यावर हात टाकी, 'शेर' म्हणे. घरी-दारी ज्याला कुणी नावानं हाक मारत नाही, त्याला शेर म्हटलेलं कडू लागत नाही. पण चौकीतल्या त्या रात्रीनंतर बळीरामनं आईच्या पायावर हात ठेवून पानठेला सोडला होता. सायकलवाले दादाजी त्याला दुकानात घ्यायला तयार झाले होते. पोळा झाला की कामावर जायचं, असं ठरलं होतं.

मारबतीच्या दिवशी मायलेक नाक्यावर उभे होते. ताशे वाजत आले. "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" असा गलका उठला. मागून गल्लीचा बडग्या डुलत आला. हातात कागदी तिकिटं, गळ्यात पाटी 'ब्लॅकवाला', आणि अंगात पिवळ्या चौकड्यांचा शर्ट. कुणीतरी बळीरामचं नाव घेऊन ओरडलं. मग सगळेच ओरडले.

ही अक्कल मंडळाचे अध्यक्ष महादेवराव यांची. माणूस दुष्ट नव्हता. चारचौघांत लाज वाटली की पोरगं सुधारेल, असा त्यांचा हिशेब. भैयाजीचा बडग्या करावा हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. ताशेवाले त्यानंच धाडले होते. चोर सोडून संन्याशाला सुळी, ती अशी.

"शर्ट तूनं देल्ला?" बळीरामनं विचारलं.

"देल्ला रे. पण मले काय मालूम..."

तो बडग्याकडे पाहत राहिला. "खांदे वाकडे बांधले त्याईनं," तो म्हणाला. "मले बोलावलं असतं तं मी सरळ बांधले असते."

एवढं बोलून तो गर्दीत शिरला, तो घराकडे आलाच नाही. दादाजींनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाट पाहिली. पोरगं कामातून गेलं म्हणून तेही शोधायला गेले नाहीत. भैयाजीनं मात्र त्याच दिवशी त्याला नवा पांढरा टेरिलीनचा शर्ट घेऊन दिला. होळीच्या आधी दुसऱ्या टॉकीजच्या पोरांशी मारामारी झाली, त्यात त्याच शर्टातून बळीरामच्या बरगडीखाली चाकू गेला. भैयाजी दवाखान्यात फिरकला नाही. साक्षीला कुणी उभं राहिलं नाही, केस उभी राहिली नाही. दवाखान्यातून आईच्या हातात परत आलं ते फक्त कपड्यांचं गाठोडं.

पुन्हा पोळा आला. मंडळाची पोरं मीराबाईचं दार टाळून खालमानेनं पुढे निघाली होती. सोबत महादेवराव होते. तिनंच हाक मारली.

"यंदा कोणाचा करून राहिले गा?"

पोरांनी महादेवरावांकडे पाहिलं. शेवटी एकजण म्हणाला, "लहानूचा. सायकलचे डायनामो चोरते तो."

लहानू म्हणजे पलीकडच्या घरातला, आईविना वाढलेला. मीराबाई आत गेली. पांढरा शर्ट घेऊन आली आणि तिनं तो महादेवरावांच्या हातावर ठेवला.

"हा घाला त्याले. हाही बळीचाच हाय. गुंड्या शाबूत हायेत."

महादेवरावांनी घडी उलगडली. बरगडीखालची चीर तिनं शिवली नव्हती. कितीदा धुतला तरी चिरेच्या कडा तपकिरीच राहिल्या होत्या. त्यांना घडी पुन्हा घालता येईना. एका पोरानं ती घातली आणि शर्ट तिच्याकडे परत दिला.

"लहानू कुठं हाय?" तिनं विचारलं.

त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

"मंग बोलवा त्याले," ती म्हणाली. "बांबू द्या त्याच्या हाती. बडग्या महागाईचा करा, नाहीतं कोणाचाही करा. पण त्याले बोलवा."

पोरं लहानूच्या घराकडे वळली. महादेवराव तिथंच उभे राहिले. तिनं त्यांना बसा म्हटलं नाही, जाही म्हटलं नाही. शर्ट मांडीवर घेतला, त्यावर सूप ठेवलं आणि पानं कातरायला घेतली. त्या दिवशी तिची बरीच पानं वाकडी कापली गेली.