साठ घोडे आणि माझी बजरची डबी

त्या दिवशी कच्छातल्या मांडवीच्या धक्क्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. काठावर बांधायला घेतलेल्या गलबतांच्या सांगाड्यांवरसुद्धा माणसं लोंबकळत होती. आमची ‘सिकोतरप्रसाद’, पोटात नऊशे पोती कांदा घेऊन, तोंडावर येणाऱ्या पश्चिम वाऱ्यात दीपगृह ओलांडून गेली आणि वळून परतही आली. बायकांनी पदर पसरले. म्हाताऱ्या नाखव्यांनी पागोटी काढली. आणि गलबताच्या पुढच्या टोकावर, नाळेवर, भगव्या कफनीत, मुठीमुठीनं भिजवलेले चणे समुद्रात फेकत पवनबापू उभा होता.

गलबत माझं. माझा बाप नाखवा, नवरा नाखवा, मुलगा लधा नाखवा. मी चार बुकंही शिकले नाही, पण कोणतं लाकूड पाण्यात किती फुगतं ते मला विचारूनच इथं गलबतं बांधतात.

खरी गोष्ट अशी, की आदल्या आठवड्यात हीच ‘सिकोतरप्रसाद’ दोनदा निघाली होती. इंजिन बोंबलून बोंबलून थकलं, पण उजव्या हाताचं दीपगृह तासभर उजव्या हातालाच राहिलं. लधा मान खाली घालून परतला. कांद्याला मोड यायला लागले. तेवढ्यात हा बापू कुठूनसा उगवला.

“माताजी, इंजिनावर साठ घोडे लिहिलेत ना? आहेत. पण उपाशी आहेत, रुसलेत,” तो मला म्हणाला. “मी त्यांची समजूत काढतो, आणि वर आणखी नव्वद उतरवतो.”

“नव्वद घोडे? आणि लीद कोण काढणार?” मी विचारलं.

लधानं मला डोळ्यांनी गप्प केलं.

तीन दिवस विधी चालला. ओहोटीला गलबत चिखलात बसलं की त्याचं बूड आणि पाण्याखालचा पंखा लिंबू-राखेनं घासायचा. ही म्हणे घोड्यांची अंघोळ. मग परभाण, म्हणजे शीड ज्याला बांधतात तो लांबलचक वासा, डोलकाठीवरून उतरवून खाली निजवायचं. कापडी छत, वाळत टाकलेली जाळी, सगळं खाली. वायुदेवापुढं कुणी डोकं वर काढू नये म्हणून. शेवटी तांब्याचा एक इवलासा घोडा लाल फडक्यात बांधून इंजिनावर लटकवला. आणि गलबत गेलं. मीही पाहिलं. नाही कशाला म्हणू?

पण जेवताना लधा म्हणाला, “मा, परवा निघतो. दीडशे घोडे आहेत, तेव्हा वर डेकवर आणखी तीनशे पोती टाकतो. आणि परभाण चढवतो.”

मी ताट बाजूला सारलं.

बाहेरच्यांना सांगते. आमच्या खारव्यांत, म्हणजे दर्यावर्दी लोकांत, बंदर सोडताना परभाण वर असतं. ते उतरवून परतणारं गलबत लांबून दिसलं, की नाखवा गेला असं समजून धक्क्यावर रडणं सुरू होतं. मग निघताना ते खाली ठेवायचं म्हणजे जिवंतपणी स्वतःचं सुतक पाळणं.

“बापू काय म्हणतो?” मी विचारलं.

“म्हणतो, घोडे आता स्थिर झाले. खुशाल चढवा.”

“आणि खाडीच्या तोंडाशी वाऱ्यानं मागं रेटलं, तर खडकावर आदळताना अकरा माणसांनी कुणाला हाक मारायची? घोड्याला?”

“मा, देवाची परीक्षा घेऊ नये.”

“देवाची कोण घेतंय? मी जनावराची घेते. गलबत माझं आहे, उद्याच्या भरतीला एकदा फिरवून आण. परभाण खालीच राहू दे.”

त्याच रात्री मी पूजेचं ताट घेऊन इंजिनखोलीत उतरले. तिथं इंजिनवाला मामद तेलानं माखलेला बसला होता.

“पुरमा, तुम्ही आणि पूजा?”

“तोंड फिरव, मामद.”

त्यानं फिरवलं. मी लाल फडकं सोडलं, घोडा कनवटीला लावला आणि त्याच्या जागी माझी बजर, म्हणजे तपकीर, ओढायची डबी बांधली. झाकण जरा सैलच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तेवढीच भरती, तसाच वारा. गलबत निघालं आणि दीपगृहापलीकडं जाऊन आलं. बापू धक्क्यावर उतरला तो फुलूनच.

“पाहिलंत? आज घोडे कालच्याहून चेकाळलेत,” तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

“बापू, मग दर्शन घडवा ना,” मी हात जोडले. “या डोळ्यांना पुण्य मिळू दे.”

मामदनं ते फडकं तत्परतेनं आणून दिलं. बापूनं ते डोळ्यांना लावलं, कपाळाला लावलं, नाकापाशी नेऊन दीर्घ श्वास घेतला. आणि जो शिंकायला लागला, तो सात-आठ शिंकांपर्यंत थांबेना. डबी खाली पडून गडगडली. बाया ओळखून होत्या ती डबी कुणाची.

“घोडा कालपासून माझ्याकडं आहे,” मी कनवटीतून काढून दाखवला. “मग आज दीडशे घोडे कुठून आले? माझ्या बजरमधून?”

“कपट,” बापू नाक पुसत म्हणाला. “घोडा इंजिनावर असता तर गलबत उडालं असतं.”

“उद्या तेही बघू. परभाण चढवा, छत बांधा, घोडा लटकवा. आणि बापू, तुम्ही उद्याही नाळेवर चला.”

बापूला सगळ्यांसमोर नाही म्हणता येईना. तिसऱ्या भरतीला सगळं चढवलं आणि गलबत निघालं. पंखा साफ होता म्हणून आदल्या आठवड्यापेक्षा जरा पुढं सरकलं, आणि दीपगृहासमोर खिळलं. वर परभाण कण्हत होतं. नाळेवर बापू, पहिल्यांदा चणे फेकत होता, मग जे पोटात होतं तेही. अर्ध्या तासानं लधानं स्वतःच सुकाणू वळवलं.

धक्क्यावर मामद बोलला. “मला आधीच कळायला हवं होतं. घासायचा पंखाच, उतरवायचं परभाणच, हे कफनीवाल्याला कुणी शिकवलं? बापू, कोणत्या गलबतावर होतास रे?”

बापू मान खाली घालून म्हणाला, “सलाया बंदरातल्या एका. नऊ वर्षं इंजिनाला तेल घालत होतो.”

“मग हेच सरळ का नाही सांगितलंस?”

“तेलवाल्याचं कोण ऐकतं, काका?”

त्याचं एवढं एक वाक्य मात्र मला खरं वाटलं.

लधा अजून घुश्शात होता. मी उठले, माझी ओढणी दोन्ही हातांनी डोक्यावर ताणून धरली आणि वाऱ्यात चार पावलं टाकली. धाप लागली. मग ती गुंडाळून काखेत मारली आणि त्याच वाऱ्यात झपझप चालून दाखवलं.

“माझ्या पायांत घोडे आले का रे? पाय तेच. वाऱ्याला धरायला काही ठेवलं नाही, एवढंच. इंजिन साठाचंच आहे. वजन वाढवशील, परभाण चढवशील, तर ते साठही वाऱ्याशी झुंजण्यातच संपतील.”

“पण लोक रडतील, मा.”

“मी असेन ना धक्क्यावर.”

दुसऱ्या दिवशी ‘सिकोतरप्रसाद’ नऊशेच पोती घेऊन, परभाण निजवून निघाली. बाया कुजबुजायला लागल्या, एकीनं सवयीनं गळाही काढला. मी धक्क्याच्या टोकाला बसून बजर ओढत होते. “गप ग,” मी म्हटलं, “माझा मुलगा जिवंत राहावा म्हणून उतरवलंय ते.” गलबतानं हळूहळू दीपगृह मागं टाकलं.

तो घोडा अजून माझ्या घरात आहे, दाराला अडकण म्हणून चांगला लागतो. तुमच्या गावातही कुणी घोडे उतरवायला येईल. हात जोडण्याआधी एवढंच विचारा, की याच्या मंत्राबरोबर आणखी काय काय बदललं होतं? मग एक वस्तू काढून बघा, एक ठेवून बघा. आणि फडकं बांधलेलं असलं, तर आधी सोडा. शिकलेलं नसलं तरी गाठ सोडता येते.