मी रखड्या, चाचणीचा संगणक

मित्रांनो, कपाटाशेजारी चादर पांघरून बसलेला हा बोजड खोका म्हणजे मी. मी एक जुना संगणक आहे. सुरू व्हायला फार वेळ घेतो म्हणून मला रखड्या म्हणतात, आणि खरं सांगायचं तर ते नाव मला शोभतं.

शिंप्याच्या दुकानावर दोन खोल्या होत्या. तिथे एक ताई आणि तिचा धाकटा भाऊ ऑपरेटिंग सिस्टीम बनवायचे. संगणकाला जागं करून कामाला लावते, ती ऑपरेटिंग सिस्टीम. तिच्याशिवाय मी म्हणजे नुसता पत्र्याचा डबा. त्यांची सिस्टीम इतकी आटोपशीर, की एका फ्लॉपीत, म्हणजे तळहाताएवढ्या चकतीत, मावायची. शाळा, दवाखाने, वाचनालयं आपल्या जुन्या मशीनवर ती चालवायची.

मी आलो तेव्हा नवाकोरा होतो. पुढे माझ्याहून चपळ संगणक आले, पण ताईने मला हलू दिलं नाही. तिने नियमच केला, की नवी आवृत्ती आधी रखड्यावर चालायला हवी, मगच ती बाहेर जाईल. चाचणीच्या दिवशी दोघं माझ्यासमोर खुर्च्या ओढून बसायची.

"हा सुरू होईपर्यंत माझं लग्न होईल," धाकटा कुरकुरायचा.

"तुला मुलगी मिळायला तेवढा वेळ लागणारच," ताई म्हणायची.

पडद्यावर अक्षरं उमटली की दोघं एकदमच हसायची. चाचणीच्या वहीत माझ्या नावापुढे 'पास' लिहिलं जायचं. काय मान होता माझा! ते दिवस आठवले की अजून जीव कासावीस होतो.

एकदा ताई तापाने घरी पडून होती. धाकट्याला घाई झाली होती. त्याने नवी आवृत्ती चपळ मशीनवर पाहिली, मला हातही लावला नाही, वहीत 'पास' लिहिलं आणि फ्लॉप्या पाठवून दिल्या. ती आवृत्ती संगणकातल्या, माहिती साठवणाऱ्या डिस्कच्या उत्तरासाठी फारच थोडं थांबायची. जुन्या मशीनची संथ डिस्क फिरायला लागण्याआधीच 'डिस्क सापडत नाही' म्हणून मोकळी व्हायची. गिऱ्हाइकांची मशीनं ठप्प झाली. ताई तशाच तापल्या अंगाने दुरुस्त फ्लॉप्या घेऊन दारोदार फिरली.

परत आल्यावर तिने वही उघडली. "रखड्यावर बघितलं होतंस ना?"

"बघितलं होतं," तो म्हणाला.

मी समोरच होतो, पण मला कोण विचारतो? ताई काय समजायचं ते समजली. चूक तिने पोटात घातली असती, खोटं मात्र तिला फार लागलं. दोघांनी अबोला धरला. धाकटा दुसरीकडे नोकरीला लागला, गिऱ्हाइकंही एकेक करत गेली आणि कंपनी बंद पडली. ताईने मला घरी आणलं. चादरीखाली वर्षं गेली. पुन्हा एकदा दोघांनी माझ्यासमोर बसावं, एवढीच एक आस मला होती.

मग एके सकाळी वाचनालयाच्या बाई दारात आल्या. आमची सिस्टीम अजून चालवणारं शेवटचं गिऱ्हाईक. त्यांचा संगणक बंद पडला होता. त्यातली डिस्क काढून त्यांनी पिशवीतून आणली होती. वाचनालयाच्या सगळ्या नोंदी तिच्यात होत्या आणि ती वाचणारी सिस्टीम आता फक्त माझ्यापाशी उरली होती. त्या सिस्टीममधला डिस्क वाचायचा भाग धाकट्याने लिहिलेला. ताई बराच वेळ फोन हातात धरून बसली.

"रखड्याला सुरू करायचंय. येतोस?" एवढंच ती बोलली.

तो तासाभरात आला. केस पिकले होते. त्याने ती डिस्क मला जोडली. मी दोनदा अडखळलो आणि तिसऱ्यांदा सुरू झालो. बाई संध्याकाळी यायचं सांगून गेल्या. नोंदी उतरवायला तीन तास लागणार होते. नव्या संगणकाने ते काम चुटकीसरशी केलं असतं.

पहिला तास दोघं नुसती पडद्याकडे बघत राहिली. मग धाकटा म्हणाला, "ताई, त्या दिवशी मी याला सुरूच केलं नव्हतं."

"ठाऊक आहे."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"तू सांगशील म्हणून थांबले होते रे."

त्याने डोळे पुसले. ताईने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. उरलेले दोन तास ती दोघं किती बोलत होती म्हणून सांगू! त्या दिवशी माझ्या संथपणाला कोणी नावं ठेवली नाहीत.

शेवटी काम पूर्ण झाल्याची ओळ उमटली. नोंदी सुखरूप उतरल्या, आणि आता आपली कोणालाच गरज उरली नाही, हे मला कळून चुकलं. पण दोघांपैकी एकही जण उठला नाही.

मित्रांनो, घरातलं जुनं यंत्र भंगारात देण्याआधी एकदा सुरू करून बघा. ते रखडलं तर चिडू नका. ज्याच्याशी बोलायचं राहून गेलंय, त्याला बोलावून घ्या आणि शेजारी बसवा.