कादंबरीआधीचा ऑक्टोबर

मित्रांनो, मी सोनाळ्यातली पायाने चालणारी शिलाई मशीन आहे. वय विचाराल तर चाळिशी उलटली. अंगावरची सोनेरी वेलबुट्टी अर्धीच उरली आहे, कारण कापड सरकवणारे हात रोज थोडी थोडी ती पुसत गेले. माझे सगळे आयुष्य सांगायला बसले तर खूप आहे. पण मनात सारखा एकच महिना येतो, तो म्हणजे गेला ऑक्टोबर. त्या महिन्यात आमच्या घरात कोणी आजारी नव्हते, कोणाचे भांडण नव्हते, तरी सगळे धास्तावलेले होते. सर्वांत जास्त मी.

माझा जन्म लुधियानाचा. तिथून रेल्वेने अकोल्याला आले आणि एका दुकानात काचेमागे उभी राहिले. इमामबीच्या वडिलांनी मला तिच्या निकाहात आंदण द्यायला पसंत केले आणि एसटीच्या टपावर दोरीने बांधून सोनाळ्याला पाठवले. उत्तरेला सातपुडा जवळ जवळ येताना मी टपावरूनच पाहिला.

इमामबीने माझ्यावर तीस वर्षे काम केले. शाळेचे गणवेश, बाळंतिणींच्या घरची झबली, उशांचे अभ्रे, लग्नातले झगे. 'इमामबीची बाही उसवत नाही,' असे गावात म्हणत. ते ऐकले की मला वाटे, त्यात थोडी मीही आहे.

मग तिची नजर मंदावली. सुईत दोरा जाईना. एके दिवशी तिने मला तशीच मागच्या खोलीत ढकलली आणि माझ्यावर सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आल्या. मित्रांनो, ती दोन वर्षे मी विसरू शकत नाही. उंदराने माझ्या खणात घर केले. चामडी पट्टा वाळून तडकला. चाकावर गंज चढला. मशीन बंद करणे म्हणजे काय, ते मला तेव्हा कळले.

मला बाहेर काढले ते महनूरने. इमामबीचा मुलगा वकार फवारणीचे पंप दुरुस्त करतो, त्याची ती बायको. खाली सपाटीवरच्या खाऱ्या पाण्याच्या गावातून ती लग्न होऊन इथे आली. चार दिवस तिने मला रॉकेलने पुसले, तेल दिले, नवा पट्टा चढवला. त्याला आता बारा वर्षे झाली. तिची मुलगी मलिहा सहावीत आहे.

महनूर डावखुरी आहे. शाळेत त्यासाठी तिने हातावर छड्या खाल्ल्या, पण लेखणीचा हात बदलला नाही. मराठी शाळेत बारावीपर्यंत शिकली. गावातल्या अभ्यासिकेतून पुस्तके आणते आणि बाह्या उलटवता उलटवता वाचते. मापाच्या वहीत मागच्या पानांवर ती काहीतरी लिहिते, हे फक्त मला माहीत होते. ती वही माझ्याच खणात असे.

दसरा झाला आणि अभ्यासिका सांभाळणारी प्रेरणा कुर्ता घालून पाहायला आली. महनूर तिच्या खांद्याला टाचण्या लावत होती.

"महनूरभाभी, एक महिन्यात कादंबरी लिवाचा उपक्रम हाये," प्रेरणा म्हणाली. "आपल्या जिल्ह्यातले अकरा जण झाले. एक नोव्हेंबर ते तीस नोव्हेंबर. रोज हजार शब्द. बक्षीसबिक्षीस काही नाही. तुमचं नाव टाकू काय?"

महनूरच्या ओठांत टाचण्या होत्या. तिला बोलता येईना. तिने नुसती मान हलवली. प्रेरणाने लगेच मोबाइलवर नाव लिहिले. टाचण्या काढल्यावर 'नाही' म्हणायला महनूरला पुष्कळ वेळ होता. तिने ते म्हटले नाही. फक्त विचारले, "वाचते कोन पन?"

"पहिले कोनीच वाचत नाही. पहिले लिवाचं. एकतीस तारखेपर्यंत नाव काटता येते."

दुसऱ्या दिवसापासून तयारी सुरू झाली आणि तयारीबरोबर धास्तीही. वेळ ठरली. मलिहा शाळेत गेल्यावर दहा ते एक. जागा ठरेना. घरात टेबल नाही. महनूरने सगळीकडे पाहिले आणि तिची नजर माझ्यावर थांबली.

मला आत वळवून फळीच्या पोटात ठेवता येते. वरून झाकण बसवले की सपाट टेबल होते. वकार जेवायला बसला होता, तेव्हा ती त्याला म्हणाली, "नोव्हेंबरभर मशीन बंद ठेवते. हिच्याच फळीवर लिवते."

ते ऐकून माझ्या मनात गोण्या आल्या, उंदीर आला. महिना म्हणते, पण इमामबीने तरी दोन वर्षे असे कुठे म्हटले होते? मित्रांनो, खोटे बोलत नाही. त्या दिवसापासून मी मनातून म्हणू लागले की हे काही होऊ नये.

महनूरची काळजी वेगळी होती. कपडे बेतायच्या खाकी कागदावर ती गोष्ट बेतू लागली. तिची नायिका गोड्या पाण्याच्या गावातून खाऱ्या पाण्याच्या गावात दिलेली सून होती. ती मुळात महनूरची आईच होती, फक्त नाव दुसरे. एका तुकड्यावर लग्न, एकावर विहीर, एकावर दोन कोसांवरून आणलेली घागर. तुकडे ती जमिनीवर मांडी, अदलाबदल करी, उचलून पुन्हा मांडी. मधला एक तुकडा तिला कधीच सापडेना.

एकदा सराव म्हणून ती तासभर लिहायला बसली. उठली तेव्हा एकशे बारा शब्द झाले होते आणि त्यातले साठ खोडलेले.

एका दुपारी ती इमामबीजवळ बसली. या दोघी आपसात अर्धी हिंदी, अर्धी वऱ्हाडी बोलतात. मी वऱ्हाडीतच सांगते.

"अम्मी, आपण बोलतो तसं पुस्तकात कोनी बोलते काय? माह्या बाईले कसं बोलवू? शाळेवानी बोलवलं तं थे माही माय वाटत नाही. आपल्यावानी बोलवलं तं लोकं हासतीन."

इमामबी लसूण सोलत राहिली.

वकारला दुसरीच भीती. "गावातले म्हनतीन, वकारच्या बायकोनं समद्याईचं बाहेर काढलं. माहं नाव टाकू नोको त्यात."

"तुमचं नाव कायले टाकू? त्यात पाणी हाये, पंप नाही," महनूर म्हणाली. वकार हसला, पण हात धुताना पुन्हा म्हणाला, "पाह्य बरं."

अशात बेबीताई आल्या. त्या आमच्या जुन्या गिऱ्हाईक. त्यांच्या मुलीचे, संजीवनीचे लग्न नोव्हेंबरच्या शेवटी ठरले होते. सात ब्लाउज शिवायचे होते. महनूरने 'नोव्हेंबरात मशीन बंद' असे म्हणायला तोंड उघडले. बेबीताईंनी रेशमी कापडे माझ्या फळीवर पसरली आणि म्हणाल्या, "पोरगी म्हनते, महनूरभाभीच्या हातचंच पाह्यजे."

"एकतीसच्या आत देते," एवढेच महनूरच्या तोंडून निघाले.

मग आमची पळापळ सुरू झाली. रोज कापणे, अस्तर लावणे, शिवणे. मध्येच ती थांबे आणि खाकी कागदावर एखादा शब्द लिही. मग उशीर झाला म्हणून पाय जोरात मारी. तिचे चित्त दोन ठिकाणी होते आणि माझे एकाच ठिकाणी, एकतीस तारखेवर.

सत्तावीस तारखेला चार ब्लाउज हुकांसकट तयार होते. पाचवा माझ्या सुईखाली होता. दुपारची वेळ. महनूर जांभळ्या रेशमाची कड डाव्या हाताने सरकवत होती आणि ओठांनी काहीतरी पुटपुटत होती. मला वाटते, नायिकेशीच बोलत होती. कड सरकली, बोट सरकले, आणि माझी सुई तिच्या डाव्या तर्जनीतून आरपार गेली.

ती ओरडली नाही. तिने उजव्या हाताने माझे चाक उलटे फिरवले. सुईचे टोक आतच मोडले होते. वकारने तिला मोटारसायकलवर बसवून दवाखान्यात नेले.

घर रिकामे झाले. मी जांभळे रेशीम दाबून तशीच उभी होते. मित्रांनो, तेव्हा माझ्या मनात पहिला विचार कोणता आला, ते मला सांगायला लाज वाटते. मला वाटले, आता ती लिहू शकणार नाही. आता मला कोणी बंद करणार नाही. आणि मग मला तिचे रक्त दिसले, माझ्या दाताळ पट्टीवर, जिथून कापड पुढे सरकते तिथे. मी सुई मुद्दाम मारली नव्हती. पण 'होऊ नये' असे रोज म्हणत होते, ते मीच होते.

महनूर परत आली तेव्हा बोटाला जाड पट्टी होती. डॉक्टरांनी टोक काढले होते आणि आठ दिवस त्या बोटाने काही धरायचे नाही असे सांगितले होते. तेच तिचे लेखणीचे बोट.

दुसऱ्या दिवशी बेबीताई आल्या. त्यांनी पट्टी पाहिली, हळहळल्या. मग न कापलेली दोन कापडे घडी करून पिशवीत घातली.

"राग मानू नोको व महनूर. पन मले थांबता येत नाही. लगनघर हाये."

"राग कायचा, ताई," महनूर म्हणाली.

तयार झालेले चार ब्लाउज त्यांनी नेले. कापलेला पाचवा दुसऱ्या कोणाला देता येत नव्हता, तो राहिला. जाताना 'पुढच्या बारीनं येतो' असे त्या नेहमी म्हणत. त्या दिवशी म्हणाल्या नाहीत. महनूर दारापर्यंत गेली आणि तिथेच उभी राहिली. मग तिने मोबाइल घेतला.

"कोनाले लावून राह्यली?" इमामबीने खाटेवरून विचारले.

"प्रेरणाले. नाव काटाले सांगते."

"काऊन?"

"बोट पाह्यना अम्मी."

"मले दिसत नाही बोट," इमामबी म्हणाली. "बोट दुखते म्हनून काटत अशीन तं चार दिवस थांब. भेव वाटते म्हनून काटत अशीन तं तसं सांग. मंग मी काही बोलत नाही."

महनूरने मोबाइल खाली ठेवला. मग हळू म्हणाली, "भेव वाटते."

"कायचं?"

"तीस दिवस लिवीन आन शेवटी काहीच निंगनार नाही, याचं. माह्या मायचं एवढं मोठं हाल, आन माह्या हातून थे बारकं होईन, याचं."

इमामबी काठी टेकत उठली. "म्या पहिल्यांदा दुसऱ्याचं कापड कापलं, तं कैचीच चालेना. पाटलाच्या घरचं कापड. अर्धा दिवस हातात धरून बसली."

"मंग?"

"मंग काय. कापलं. एक बाही आखूड झाली."

"त्याईनं काय म्हटलं?"

"बोलले. चांगलेच बोलले. दुसऱ्या सालाले पुन्हा माह्याकडेच आले." असे म्हणत ती माझ्यापर्यंत आली आणि स्टुलावर बसली. "हा पाचवा कोन्या रंगाचा हाये? जांभळा? दोरा ओवून दे मले."

मित्रांनो, चौदा वर्षांनी तिचे पाय माझ्यावर पडले. ते हलके झाले होते. तिला कापड दिसत नव्हते. अंगठ्याच्या नखाने ती कड चाचपी, दोन टाके घाली, थांबे, पुन्हा चाचपी. एक बाजू वाकडी गेली. तिने ती उसवली आणि परत घातली. महनूर शेजारी बसून नुसते 'थोडं डावीकडे, अम्मी' म्हणे. एका ब्लाउजला दोन दिवस लागले. मी इतक्या जपून कधी चालले नव्हते. सुई वर गेली की मी घाबरे आणि खाली आली की पुन्हा घाबरे.

तो ब्लाउज संजीवनी स्वतः घ्यायला आली. शिवण उलटी करून तिने पाहिली, इमामबीच्या पाया पडली आणि घेऊन गेली. बेबीताई अजून आलेल्या नाहीत. येतील की नाही, मला माहीत नाही.

एकतीस तारखेला महनूरने नाव काढले नाही. मोबाइल तिने तीनदा हातात घेतला, तीनदा ठेवला.

संध्याकाळी मला बंद करायची वेळ आली. इमामबीने तेलाची कुपी मागितली. "म्या हिले तसंच टाकलं होतं. तू तसं नोको करू," ती म्हणाली आणि बोटांनी माझी भोके शोधून एकेकात तेल सोडले. महनूरने माझा पट्टा उतरवला, एक जुनी ओढणी माझ्याभोवती गुंडाळली आणि मला आत वळवले. झाकण बसले. अंधार झाला.

सकाळी दहाला स्टूल सरकल्याचा आवाज आला. कागद ठेवल्याचा आला. मग किती तरी वेळ काहीच नाही. त्या वेळात मी जेवढी घाबरले, तेवढी गोण्यांखालीही घाबरले नव्हते. आता मला उघडी राहायची हाव नव्हती. तिने लिहावे, एवढेच वाटत होते. शेवटी लेखणी टेकली. अंगठा आणि मधले बोट यांत धरून ती लिहीत होती, म्हणून अक्षर जड आणि सावकाश उमटत होते. फळीतून ते मला जाणवत होते.

एक वाजता तिने मोजले. दोनशे चौदा. हजार हवे होते. तिने तोच आकडा प्रेरणाला कळवला आणि इमामबीजवळ जाऊन पान वाचून दाखवले. नायिका विहिरीवर पहिली घागर भरते, तोंडाला लावते आणि पाणी थुंकून टाकते. सासू म्हणते, "सवय होईन." तिथे पान संपले.

मग इमामबीने विचारले, "मंग?"

"मलेच नाही माहीत, अम्मी."

"मंग उद्या लिव."

आज नोव्हेंबरची सहा तारीख आहे. बोटाची पट्टी निघाली आहे. महनूर ठरल्यापेक्षा दोन हजार शब्दांनी मागे आहे आणि तीस तारखेला ती कुठे असेल, हे कोणालाच सांगता येत नाही. मलाही नाही. मी अंधारात आहे, पण अंगाला तेल आहे आणि वर कोणीतरी काम करत आहे.

मित्रांनो, तुमच्या घरात एखादी मशीन बंद ठेवायची असेल तर तिला तेल देऊन ठेवा. आणि घरातले कोणी काही मोठे सुरू करायच्या आधी घाबरले असेल, तर त्याला 'जमेल का?' असे विचारू नका. ते तो स्वतःला रोज विचारतच असतो. त्याच्याजवळ बसा आणि इमामबीसारखे फक्त म्हणा, "मंग?"