चौकटीची पेन्सिल

"आई, आपली गाडी समोरच्या प्रत्येकावर डोळे का वटारते गं?"

हा प्रश्न भिंगरीचा स्वतःचा नव्हता. क्लासहून येताना तिच्या मैत्रिणी मागच्या सीटवर होत्या आणि समोरून येणारा जो तो दिवे उघडझाप करून तिच्या आईला खुणावत होता. "हिंमत असेल तर विचार," अशी त्यांनी पैज लावली. भिंगरीनेही अंगणात गाडी थांबताच विचारून टाकले. मैत्रिणी फाटकाशी उभ्या राहून खिदळल्या.

मित्रांनो, मी हे सगळे ऐकले, कारण मी समोरच होते. मी अंगणाच्या टोकाची जुनी भिंत.

माझा जन्म उरलेल्या विटांतून झाला. "गाडीपुढची भिंत, कोण बघतंय?" असे म्हणत गवंड्याने तिसऱ्या थरात मला अशी वाकडी केली, की माझी कंबर अजून धरते. त्याच आठवड्यात स्वयंपाकघराच्या अंगणाकडच्या दाराला चौकट बसली. सुताराने तिला तीनदा घासले, दोनदा पॉलिश केले. मी उन्हात वाळत समोरून बघत होते. माझ्या पोटात दुखायला लागले ते तेव्हापासून.

भिंगरी दोन वर्षांची झाली, तेव्हा आईने तिला चौकटीला टेकून उभे केले, डोक्यावर पुस्तक धरले आणि पेन्सिलीने रेघ ओढली. शेजारी तारीख. मग दर वाढदिवसाला एक रेघ. पेन्सिलसुद्धा तिथेच खिळ्याला दोऱ्याने बांधलेली, बाईसाहेबांची गैरसोय नको म्हणून. रंगारी आला, तेव्हा आई चौकटीपुढे हात पसरून उभी राहिली. "हिला ब्रश लावायचा नाही." मला मात्र तीन खोल्यांचे उरलेले रंग एकत्र करून फासले. तो रंग नेमका कोणता, हे आजवर कोणालाही सांगता आलेले नाही.

माझ्याही अंगावर खुणा होत. दर सहा महिन्यांनी दिवेलागणीला बाबा गाडी अगदी माझ्या नाकाशी आणत. प्रत्येक दिव्याच्या उजेडाच्या मधोमध चिकटपट्टीची फुली मारत. मग गाडी पंचवीस फूट मागे, थेट फाटकापर्यंत नेत आणि बॉनेट उघडून दिव्याचा स्क्रू फिरवत. उजेडाची वरची कड फुलीच्या दोन बोटे खाली आली, की झाले दिवे लावून. तेवढा अर्धा तास सगळे माझ्याकडे बघत. मी हरखून जाई. आणि मग चर्रकन पट्टी ओढली जाई, तिच्याबरोबर माझा पोपडाही. चौकटीच्या रेघा जपायच्या आणि माझ्या ओरबाडायच्या!

तर त्या दिवशी आई हसली नाही. ती फरशीचे नमुने घेऊन दुकानोदुकानी जाते. डिकीत कायम आठ जड पेट्या असतात.

"मलाही कळत नाही," ती म्हणाली. "काल एक स्कूटरवाले आजोबा दिपून कडेच्या खडीत गेले. नशिबाने लागलं नाही. मी संध्याकाळच्या फेऱ्या सोडून देते."

संध्याकाळच्या फेऱ्या म्हणजे तिचे निम्मे काम. भिंगरीचे हसू मावळले. मैत्रिणी हळूच सटकल्या.

"दिवे मी गेल्याच महिन्यात लावलेत," बाबा म्हणाले. "तुझाच हात अप्परवर जात असेल."

"अठरा वर्षं गाडी चालवते मी. अप्पर-डिप्पर कळतं मला."

"बरं बाई, उद्या पुन्हा बघतो."

मला कारण ठाऊक होते. रोज आई येई, तेव्हा फाटकातून येणारा उजेड माझ्या पोपड्यांच्या वीतभर वर पडे. पण मला कोण विचारतो? मनात म्हटलेही, विचारा ना तुमच्या लाडक्या चौकटीला.

दुसऱ्या दिवशी बाबांनी फुल्या मारल्या आणि गाडी मागे नेली. भिंगरी डोक्यावर पुस्तक ठेवून चौकटीला टेकली होती. वाढदिवसाला अजून दोन महिने होते, पण आपण वाढलो असे हिला दर आठवड्याला वाटते. मी जळफळत होते.

एरवी बाबा आधी पेट्या उतरवत आणि मग दिवे लावत. त्या दिवशी घाईत दिवे आधी पेटवले आणि पेट्या नंतर उतरवू लागले. एक पेटी उतरली, तसा माझ्यावरचा उजेड किंचित खाली घसरला. दुसरी उतरली, आणखी खाली. आठवी उतरली, तेव्हा तो बरोबर फुलीखाली येऊन बसला.

"बघ, म्हणालो नव्हतो?" बाबा आईला म्हणाले.

भिंगरीच्या डोक्यावरचे पुस्तक धपकन पडले. "बाबा, पेट्या परत भरा."

"अगं, दिवे रिकाम्या गाडीचे लावायचे असतात. गाडीच्या पुस्तकात आहे तसं."

"पण आई रिकामी गाडी चालवते कधी?"

बाबांच्या हातातली पेटी हातातच राहिली. आई दार उघडून सीटवर बसली. "माझंही वजन धरा मग. कमी नाहीये ते."

पेट्या भरल्या, गाडीची मागची बाजू खाली बसली, उजेड वीतभर वर चढला. भिंगरीने स्क्रूड्रायव्हर घेतला.

"उलटं फिरवतेयस," बाबा म्हणाले.

"कळलं."

"कळलं तर थांब की."

दोन्ही उजेड एकदाचे फुल्यांखाली आले. बाबा पट्टी ओढायला निघाले, तशी भिंगरी धावली. तिने खिळ्याचा दोरा तटकन तोडला आणि माझ्या अंगावर उजेडाच्या वरच्या कडेशी दोन रेघा ओढल्या. शेजारी तारीख. चौकटीच्या पेन्सिलीने, मित्रांनो! चौकट समोरून बघत होती. तिचा चेहरा उतरला होता, निदान मला तरी तसे दिसले.

मित्रांनो, तुमच्या दारातली गाडी रोज जशी भरून धावते, तशीच भरून एकदा भिंतीसमोर उभी करा. आणि पट्टी काढताना जरा हलक्या हाताने.

पुढच्या संध्याकाळी आई फेरीहून परतली. उजेड माझ्या रेघेखाली अलगद टेकला. "आज एकानेही दिवे मारले नाहीत," ती उतरता उतरता म्हणाली. "उद्याही जाते."

भिंगरी माझ्याजवळ येऊन पाठ टेकून उभी राहिली.

"ऐका दोघांनी. यापुढे दिवे मी लावणार. आणि रंगारी येईल ना, तेव्हा या भिंतीपुढे हात पसरून मी उभी राहणार."