व इतर अनेक

जुन्या सनदांची नक्कल करायची तर साक्षीदारांना जेवायला घालावं लागतं. नेमणुकीच्या वेळी हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी मी नाही म्हटलं नसतं. नुसतं अक्षर चांगलं असलेल्या माणसाला नोकरी कोण देतो?

स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर इंचमोरन नावाच्या गावात आम्ही राहत होतो, मी आणि माझी बायको. गावात एका मठाचे पडके खांब होते, बारा महिने वारा होता आणि एक सनद मंडळ होतं. मठाला मध्ययुगात मिळालेल्या सगळ्या सनदा या मंडळाकडे होत्या. अमक्या सरदाराने आत्म्याच्या शांतीसाठी नदीतली मासेमारी दिली, तमक्या विधवेने मिठागर दिलं, असं सगळं लॅटिनमध्ये, मेंढीच्या कातड्यावर. मी आधी वाईला एका देवस्थानची मोडी कागदपत्रं उतरवत असे. "मोडी वाचणाऱ्याला लॅटिन काय जड?" मंडळाचे चिटणीस मिस्टर गिलेस्पी म्हणाले होते, आणि खरंच जड गेलं नाही.

सनदेच्या शेवटी साक्षीदारांची नावं असतात. मी पहिलं नाव उतरवलं तेव्हा मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. एक बिशप बसले होते. ओल्या लोकरीचा वास येत होता. दुसरं नाव लिहिलं, दुसरा आला. खुर्च्या संपल्यावर ते बरोबर बाक घेऊन येऊ लागले. माझी बायको दारात आली, तिने किती पानं वाढायची ते पाहून घेतलं आणि कुकर लावायला गेली.

नक्कल पुरी झाली, मुळाशी ताडून पाहिली, की साक्षीदार हात धुऊन निघून जात. मग मूळ कातडं मेंढीला परत द्यायचं, असा मंडळाचा दंडक होता. मेंढ्या मागच्या अंगणात उभ्या असत, कातडीविना, थंडीने कुडकुडत. मिस्टर गिलेस्पी कातडं झटकून एकीच्या अंगावर घालत, पोटाखाली दोन्ही कडा दाबून जुळवत, आणि ती टेकडीकडे चालू लागे.

"शेकडो वर्षं वाट पाहिली बिचारीने," ते म्हणत. "जतन करायचं ते हे, मिस्टर टिल्लू. कागद काय, तुम्ही लिहिताच आहात."

विधवेच्या मिठागराची सनद लांबलचक होती. काम आठवडेच्या आठवडे चाललं आणि साक्षीदार तळ ठोकून राहिले. वरच्या ओळीत बिशप आणि आर्चडीकन होते. खाली किरकोळ माणसं होती: आदम दरवान, गिल्बर्ट रंगारी आणि सगळ्यात शेवटी थॉमस आचारी. घराची धर्मशाळा झाली. जिन्यातही बाक आले.

थॉमस आचारी बाकावर बसलाच नाही. हात कोपरापर्यंत भाजलेले, पोट सुटलेलं. तो थेट स्वयंपाकघरात गेला आणि त्याने माझ्या बायकोला तिचं नाव विचारलं.

तीस वर्षांत मी तिला नावाने हाक मारली नव्हती. आमच्यात 'अगं'वर भागतं. शिवाय ते नाव मीच ठेवलेलं. लग्नात माहेरचं नाव मोडून, ताटात तांदूळ पसरून, त्यात अंगठीने मी ते लिहिलं होतं. भटजीसुद्धा थांबून म्हणाले होते, काय वळण आहे हो अक्षराला! लिहून झाल्यावर पुन्हा उच्चारायची वेळ आली नाही.

आचाऱ्याला तिने ते हात पुसत सांगितलं. तेव्हापासून तो दिवसभर तिला नावाने हाका मारी आणि ती ओ देई. मला ती 'काय हो' म्हणत असे. तिची ही 'ओ' मी कधी ऐकली नव्हती. तरुण होती ती 'ओ'. तिने त्याला थालीपीठ शिकवलं, त्याने तिला मासे खारवायला शिकवलं, आणि दोघं हसत. काय एवढं हसण्यासारखं होतं, देव जाणे. खरं सांगतो, मी जळलो.

आमच्या धंद्यात एक जुनी सोय आहे. हात दुखायला लागला की नक्कल करणारा मोठ्यांची नावं ठेवतो आणि बाकीच्यांसाठी 'व इतर अनेक' असं लिहून मोकळा होतो. सगळेच लिहितात. मी माझ्या नकलेचं शेवटचं पान फाडलं आणि नव्याने लिहिलं. बिशप ठेवले, आर्चडीकन ठेवले. पुढे लिहिलं, 'व इतर अनेक'.

घर एकदम मोठं झालं. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास आला.

"अहो," बायको उलथनं घेऊन बाहेर आली, "आचारी कुठे गेले?"

"काम झालं, गेले."

"न सांगता?"

"सगळे काय सांगून जातात?"

ती तव्याकडे परत गेली. सुंठीवाचून खोकला गेला, असं मी मनाशी म्हटलं आणि दुपारीच कातडं मेंढीला देऊन टाकलं. मिस्टर गिलेस्पी गावात नव्हते, म्हणून तिच्या पोटाखालच्या कडा मीच जुळवल्या. तिने माझा हात चाटला.

मिस्टर गिलेस्पी दुसऱ्या दिवशी आले. रिकामे बाक त्यांनी निरखून पाहिले.

"बाकीचे?"

"'इतर' लिहिलंय. सगळेच लिहितात."

"हो, सगळेच लिहितात," ते म्हणाले. "पण मग इतर कुठे आहेत?"

मी टाक पुसायला घेतला.

"येतील," ते म्हणाले. "जवळचेच येतात."

पहिल्यांदा टपाल टाकणारी बाई आली. तिने पिशवी दारात ठेवली, आत येऊन बाकावर बसली आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले. मग शेजारच्या लॅमंटबाई आल्या, पायात घरातल्या सपाता घालून. मग बेकरीवाला. त्यांना जेवायला वाढलं तर ते ताटाकडे बघत नव्हते. त्यांचे चेहरे होते तसेच होते, पण नजर हटवली की आठवत नसत. लॅमंटबाईंशी मी दोन वर्षं रोज हवापाण्याचं बोलत होतो. त्यांचं पाळण्यातलं नाव मला ठाऊक नव्हतं. मला विशेष वाईटही वाटलं नाही. नाहीतरी त्या फार बोलत.

शेवटच्या बाकावर एक जागा उरली होती. थॉमस बसला असता तर तिथे बसला असता. बुधवारी माझ्या बायकोने मला जेवायला वाढलं, वरणावर तूप घातलं, पदराला हात पुसले आणि जाऊन तिथे बसली. हात गुडघ्यांवर ठेवले.

"अगं," मी म्हणालो.

बाकावरचं कोणीच हललं नाही.

मी मंडळात धावत गेलो. मिस्टर गिलेस्पी चहा घेत होते.

"नाव असलेला साक्षीदार काम झालं की उठून जातो," ते म्हणाले. "इतरांना उठता येत नाही. शनिवारी नक्कल छापखान्यात जाईल, तेव्हा बाकही जातील. त्याआधी 'इतर'च्या जागी नाव घाला. ज्याचं घालाल तो सुटेल. तुमच्या पत्नीचं नाव तर तुम्हाला ठाऊक असेलच."

"म्हणजे काय!" मी म्हणालो.

घरी येऊन मी टाक शाईत बुडवला आणि तसाच बसून राहिलो. शाई वाळली. थॉमसने मारलेल्या हाका आठवायला गेलो. तिची 'ओ' आठवली, लख्ख आठवली. तिच्या आधीची हाक आठवली नाही. पासपोर्ट काढला. तिचा फोटो होता, आणि नावाच्या जागी माझं पूर्ण नाव आणि पुढे 'यांची पत्नी'. मुलीला पुण्याला फोन लावला.

"मी तिला आई म्हणते, बाबा," मुलगी म्हणाली.

"पण नाव?"

"माझ्या नावापुढे तुमचं नाव लागतं. तिचं कुठे लागतं?" मग ती म्हणाली, "बाबा, तुम्ही हे मला विचारताय?"

मी बायकोसमोर जमिनीवर बसलो. तिचे हात हातात घेतले. ते ऊबदार होते आणि त्यांना तुपाचा वास येत होता. मला रडू आलं. मी म्हटलं, निदान माहेरचं तरी सांग.

"ते तुमच्या ताटात मोडलं ना," ती म्हणाली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

आता थॉमसच काय तो उरला होता. त्याचं नाव मला आठवत होतं, मी ते पुन्हा पुन्हा लिहून पाहिलं, पण कोणी येईना. आठवणीतून लिहिलं तर ती नक्कल होत नाही. मूळ समोर हवं, आणि मूळ टेकडीवर चरत होतं.

"परत सोलायची असेल तर मंडळाची हरकत नाही," मिस्टर गिलेस्पी म्हणाले आणि त्यांनी मला सुरी दिली. "मेंढीची असेल."

शनिवारी सकाळी टेकडीवर धुकं होतं. मला तिला शोधावं लागलं नाही. तिला मी कातडं दिलं होतं, म्हणून तीच माझ्याकडे आली. मी लोकर फाकवून पाहिली. वर काही नव्हतं. अक्षरं आतल्या बाजूला होती. कडा पोटाखाली अजून पुरत्या जुळल्या नव्हत्या, त्यामुळे सुरी फारशी लागली नाही. ती ओरडली नाही. कातडं काढून घेतल्यावर कुडकुडत माझ्यामागे घरापर्यंत आली आणि अंगणात उभी राहिली.

छापखान्याची गाडी खाली उभी होती. इंजिन चालू होतं. माणसं जिन्यातले बाक उचलायला लागली होती, बसलेल्यांसकट.

मी ओलं कातडं मेजावर पसरलं आणि शेवटचं नाव नीट बघून समासात उतरवलं. मागे कोणीतरी खाकरलं.

"तिचं नाव सांग," मी म्हणालो.

"तुम्ही खोडलंत तेव्हा माझ्याजवळचं सगळं गेलं," थॉमस म्हणाला. "नाव गेलं. पळीही गेली."

त्याने शेवटच्या बाकाकडे पाहिलं.

"पण ती सांगत असे," तो म्हणाला, "की नाव तुमच्या हातात आहे. तांदळात लिहिलं होतं म्हणे. फार सुंदर."

तो स्वयंपाकघरात गेला. न शोधता त्याने तांदळाचा डबा काढला, ताट आणलं, तांदूळ पसरले आणि तळहाताने सारखे केले. अंगठी माझ्या बोटात रुतली होती. त्याने साबण लावून ती काढून दिली. खाली कोणीतरी हॉर्न वाजवला. माणसं शेवटच्या बाकापाशी आली होती. एकाने माझ्या बायकोच्या बाजूचं टोक धरलं.

डोकं विसरलं तरी हात विसरत नाही, असं मी वाईला मोडी शिकवताना सांगत असे. मी डोळे मिटले आणि अंगठी तांदळात टेकवली. हात आपणहून चालू लागला. न अडखळता, एका दमात, तीस वर्षांपूर्वी चालला होता तसाच. मला फार आनंद झाला.

मी डोळे उघडले. थॉमस ताटावर वाकला होता. त्याला वाचता येत नव्हतं.

"काय वळण आहे हो," तो म्हणाला. "आता मारा हाक."

मी ताटातलं मोठ्याने वाचलं: 'व इतर अनेक'.

जिन्यातून, गाडीतून, शेवटच्या बाकावरून सगळ्यांनी एकदम ओ दिली.