वाट मोकळी असताना थांबवलेले हात

मी राउटर बोलतोय. तुमच्या घरात टीव्हीच्या मागं दोन कान उभारून बसलेला पांढरा डबा असतो ना, तो माझा धाकटा भाऊ. मी त्याच्याहून आडवा, जड आणि लोखंडी आहे. सोलापुरातल्या एका छोट्या इंटरनेट कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर, थंड खोलीतल्या एका रॅकमध्ये मी सहा वर्षं काम केलं. चार हजार घरांचं येणंजाणं माझ्यातून होत होतं.

माझं काम सांगायला सोपं आहे. माहिती छोट्या छोट्या पाकिटांतून प्रवास करते. प्रत्येक पाकिटावर पत्ता असतो. तो वाचायचा आणि पाकीट योग्य वाटेला लावून द्यायचं. आत काय आहे ते बघायचं नाही. बहुतेक पाकिटं बंदच असतात, आणि ते बरंच आहे. कुणाचं प्रेम, कुणाचं भांडण, कुणाची परीक्षा, यातलं मला काही कळत नसे. जे आधी येई ते आधी जाई.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. हातमोजे घातलेले हात आठवतात आणि शेवटी खोक्याचं झाकण बंद झालं तो काळोख आठवतो. तो काळोख उघडला तो थेट सोलापुरात, मे महिन्यात. बाहेर त्रेचाळीस डिग्री ऊन होतं. पहिला चेहरा दिसला तो दुर्गाचा.

दुर्गा कंपनीची नेटवर्क इंजिनिअर. मूळची कुर्डुवाडीची. वडील रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटर होते. यंत्राला हात लावण्याआधी त्याचं म्हणणं ऐकून घ्यावं, हे ती त्यांच्याकडून शिकली होती. तिनं माझ्यावरची धूळ पुसली, वायर जोडली आणि माझा पंखा सुरू झाल्यावर कान लावून ऐकला. मग म्हणाली, "ठीक आहे. चल, लाग कामाला."

कंपनीचे मालक विरुपाक्ष. त्यांना सगळे अण्णा म्हणत. केबल टीव्हीच्या जमान्यात स्वतः शिडी लावून गच्च्यांवर चढलेला माणूस. दसऱ्याला ते माझ्या कपाळावर, म्हणजे जिथं दिवे लुकलुकतात त्याच्या जरा वर, कुंकू लावायचे आणि झेंडूचं फूल ठेवायचे. फूल पंख्याजवळ नको, असं दुर्गा दर वर्षी सांगायची आणि अण्णा दर वर्षी तिथंच ठेवायचे.

पाच वर्षं अशीच सुखात गेली. सहाव्या वर्षी अण्णांची गिऱ्हाइकं कमी होऊ लागली. मोठ्या कंपन्यांची माणसं दारोदार फिरत होती. अशात पुण्याहून एक गृहस्थ आले. सिनेमे आणि मालिका दाखवणाऱ्या एका मोठ्या ॲपचे ते प्रतिनिधी. बोलणी माझ्या समोरच झाली, कारण ऑफिसातला एसी बिघडला होता आणि गारवा एवढ्या एकाच खोलीत होता. त्यांचं म्हणणं असं, की आमचं ॲप तुमच्या गिऱ्हाइकांकडे सगळ्यात वेगानं चालावं. बाकीच्यांचे व्हिडिओ जरा मागं राहावेत. बदल्यात आमची जाहिरात तुमच्या नावानं होईल, शिवाय नवं यंत्रही देऊ.

असा भेदभाव करू नये, असं सरकारी नियमांत होतंच. दुर्गाला ते ठाऊक होतं, अण्णांनाही ठाऊक होतं. पण करारात भेदभाव हा शब्दच नव्हता. तिथं लिहिलं होतं, 'वाहतुकीचं नियोजन'.

अण्णांनी दुर्गाला बोलावून घेतलं. तिनं लाईनचे आकडे उघडून त्यांच्यासमोर ठेवले. मग तिनं विचारलं की लाईन तर अर्धीसुद्धा भरत नाही, मग नियोजन कशाचं करायचं. अण्णा तिच्याकडे न बघता म्हणाले, "सगळे हेच करतेत, दुर्गा. आपण न्हाई केलं तर आपलं दुकान बंद होतंय बघ."

दुर्गा माझ्यासमोर बसली. तिनं नियम लिहिला. फार लांब नव्हता, एका ओळीचा होता. या पत्त्यांवरून येणारी व्हिडिओची पाकिटं ताबडतोब सोडायची, इतर पत्त्यांवरची अडवून अडवून सोडायची. शेवटचं बटण दाबण्याआधी तिचं बोट थांबलं होतं. मग तिनं ते दाबलं.

त्या दिवसापासून मी एक नवीन गोष्ट करू लागलो. समोरची वाट मोकळी असायची, पाकीट हातात असायचं आणि मी ते धरून ठेवायचो. काहींना इतका वेळ धरायचो की शेवटी टाकूनच द्यावं लागे. मला नाही म्हणता येत नाही. यंत्राला आज्ञा असते, मत नसतं.

तक्रारींचे फोन सुरू झाले. काउंटरवरच्या मुलीला सांगून ठेवलं होतं, की म्हणायचं, सर्व्हर स्लो आहे. ती दिवसातून तीस वेळा तेच सांगायची.

मग एका दुपारी मल्लव्वा आली. पन्नाशीची बाई. अक्कलकोटकडची, लग्नानंतर सोलापुरात आलेली, चादरींना झालरी वळून देणारी. तिची मुलगी संस्कृती जन्मापासून बहिरी. अकलूजला हॉस्टेलवर राहून ती शिवणकामाचा डिप्लोमा करत होती. मल्लव्वाला लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यामुळे मायलेकींचं बोलणं रोज संध्याकाळी व्हिडिओवर, हातांच्या खुणांनी व्हायचं. काही हौशी जाणकारांनी मिळून फुकट चालवलेली एक छोटी सेवा त्यासाठी होती. तिचं चित्र स्पष्ट, म्हणून अनेक बहिरी माणसं तीच वापरत. करारातल्या पत्त्यांमध्ये तिचं नाव असण्याचा प्रश्नच नव्हता.

मल्लव्वा भांडायला आली नव्हती. वायर कुठं तुटली आहे का, एवढंच विचारायला आली होती. काउंटरवरच्या मुलीनं पाठ केलेलं उत्तर दिलं. तरी ती जाईना. जे घडलं ते तिनं शांतपणे सांगितलं. दार उघडं होतं, आणि दुर्गा माझ्यासमोर बसून ऐकत होती.

झालं होतं असं. आधीच्या आठवड्यात एका संध्याकाळी मल्लव्वानं खुणेनं विचारलं, जेवलीस का? संस्कृतीनं पोटावर हात ठेवला, आणि तिथंच चित्र थांबलं. दोघींच्या खुणांमध्ये पोटावरचा हात वर गेला की पोट भरलं, आणि मूठ वळून पिळली की पोट दुखतंय. मल्लव्वाला दिसला तो नुसता पोटावर ठेवलेला हात. चित्र पुन्हा हललं तेव्हा मुलीचे हात खाली होते. आईनं समजून घेतलं, की जेवली. 'बरं' अशी खूण करून तिनं फोन ठेवला. संस्कृतीला वाटलं, आईनं खूण पाहिली आणि बरं म्हणाली, म्हणजे काळजीचं काही नसावं. तिनं सकाळपर्यंत कळ सोसली. दुसऱ्या दिवशी हॉस्टेलच्या बाईंनी फोन करून कळवलं, की अपेंडिक्स फुटता फुटता ऑपरेशन झालं.

"आता बरी हाय पोरगी," मल्लव्वा म्हणाली. "पण हात मधीच थांबतोय बघा. निम्मं बोलणं मला कळंना झालंय. वायर बदलायची असंल तर बदला की."

दुर्गा उठून बाहेर गेली. तिनं मल्लव्वाला आत आणून खुर्चीवर बसवलं. पाणी दिलं. मग माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "मावशी, वायर चांगली आहे. सर्व्हरही चांगला आहे. मी मुद्दाम हळू केलं होतं."

मल्लव्वानं माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ती रागावेल असं मला वाटलं. तिनं फक्त विचारलं, "का गं बाई?"



त्याच संध्याकाळी दुर्गानं त्या छोट्या सेवेला माझ्या नियमातून सूट दिली. संस्कृतीचे हात मोकळे झाले. पण दुर्गाचं मन मोकळं झालं नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांना ती म्हणाली, की मल्लव्वा आली म्हणून मला कळलं. जे आले नाहीत त्यांचं काय? कुणाचं काय अडलं आहे ते मला दिसत नाही, दिसूही नये. मग कुणाला थांबवायचं हे मी ठरवणारी कोण? अण्णांनी तिला सांगितलं की करार वर्षाचा आहे, आता मागं फिरता येत नाही. त्यांचा आवाज खाली होता. ते दुष्ट नव्हते. घाबरलेले होते.

दुर्गा तिच्या जुन्या शिक्षकांकडे गेली. चिंतामणी सर पॉलिटेक्निकमध्ये तीस वर्षं नेटवर्कचा विषय शिकवून निवृत्त झाले होते. जिल्ह्यातले अर्धे नेटवर्कवाले वायर कशी कापायची हे त्यांच्याकडून शिकले होते. सगळं ऐकून ते म्हणाले, "तू एकटी बोललीस तर ती तक्रार होते. ज्यांच्या हाताखाली ही यंत्रं आहेत ते सगळे बोलले, तर ती साक्ष होते."

त्या वर्षी इंटरनेट कंपन्यांना असा भेदभाव करण्याची सूट द्यावी का, यावर एक सरकारी समिती गावोगाव मतं ऐकत होती. महिन्याभरानं ती सोलापुरात येणार होती. सरांनी फोन फिरवायला सुरुवात केली. कुर्डुवाडी, अकलूज, माळशिरस, बार्शी, करमाळा. काहींनी नोकरीचं कारण सांगून नकार दिला आणि सरांनी त्यांना बोल लावला नाही. एकतीस जण तयार झाले. सगळ्यांचं मिळून एक निवेदन लिहिलं. पहिला मसुदा वाचून सरांनी त्यातला तांत्रिक शब्द न् शब्द खोडला. ज्यांचं नुकसान होतंय त्यांनाच वाचता येणार नसेल तर हे लिहायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं होतं.

दुर्गानं अण्णांना आधीच सांगितलं, की मी तिथं बोलणार आहे. अण्णा म्हणाले, मग इथं राहता येणार नाही. तिनं राजीनामा टेबलावर ठेवला. तोवर पुण्याचं नवं यंत्र आलं होतं. मला उतरवून जिन्याखाली, जुन्या केबलच्या वेटोळ्यांवर ठेवलं होतं. जाता जाता तिनं मला मागून घेतलं. अण्णांनी हातानंच 'ने' अशी खूण केली. माझ्या आठवणीत तो एका ओळीचा नियम तसाच होता.

सुनावणी एका सभागृहात होती. मंचावर तीन अधिकारी. कंपन्यांच्या वतीनं एक वकील सफाईनं बोलले. गिऱ्हाइकांचा फायदा, नियोजन, निवड. मग दुर्गाचं नाव पुकारलं गेलं. तिनं मला टेबलावर ठेवलं, त्या छोट्या सेवेला दिलेली सूट काढून मूळ नियम पुन्हा लावला आणि माझ्या दोन बाजूंना दोन लॅपटॉप जोडले. एका लॅपटॉपसमोर संस्कृती बसली. दुसरा बाहेरच्या व्हरांड्यात, मल्लव्वासमोर. दोन्ही चित्रं भिंतीवरच्या पडद्यावर दिसत होती.

दुर्गा म्हणाली, "हे यंत्र मी चालवत होते. त्यातला नियम मीच लिहिलाय. ग्राहकांना आम्ही सर्व्हर स्लो आहे असं सांगत होतो. ते खोटं होतं. आता बघा."

संस्कृतीनं आईला काही विचारायला हात उचलले. मी माझं काम केलं. हात अर्ध्यावर थांबले, तुटले, भलतीकडेच दिसले. व्हरांड्यात मल्लव्वा पडद्याच्या जवळ जवळ सरकत होती. अर्धं मिनिट ते तसंच चाललं. मग दुर्गानं सगळ्यांसमोर ती ओळ पुसली.

मी तो क्षण विसरणार नाही. पाकिटं आली आणि मी सोडत गेलो. संस्कृतीचे हात पाण्यासारखे वाहू लागले. मल्लव्वा आधी हसली, मग डोळे पुसत तिनं भरभर उत्तर दिलं.

मधल्या अधिकारीबाईंनी मल्लव्वाला आत बोलावून विचारलं, "मुलगी काय म्हणाली?"

"ते आमच्या दोघींतलं हाय, बाईसाहेब," मल्लव्वा म्हणाली.

अधिकारीबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं. त्यानंतर चिंतामणी सर उठले. त्यांच्यामागून एकेक जण उठत गेला. नाव, गाव, कुठल्या नेटवर्कवर काम करतो, आणि काहींनी तर आपल्याला काय करायला सांगितलं होतं तेही सांगितलं. एकतीस जणांनंतर मागच्या रांगेतून आणखी एक माणूस उभा राहिला. ते विरुपाक्ष अण्णा होते. ते एवढंच म्हणाले, की ही पोरगी सांगते ते खरं आहे, आणि तो नियम माझ्या सांगण्यावरून लिहिला होता.

समितीनं पुढं अहवालात लिहिलं, की अशी सूट देऊ नये. अण्णांच्या कंपनीला प्रत्येक ग्राहकाला पत्र पाठवून झालेला प्रकार कळवावा लागला. निम्मी गिऱ्हाइकं गेली, निम्मी राहिली. अण्णांनी दुर्गाला परत बोलावलं. ती गेली नाही, पण दिवाळीला फराळ घेऊन त्यांच्या घरी जाऊन आली. संस्कृतीचा डिप्लोमा पूर्ण झाला आहे.

आता मी पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळेत असतो. दुर्गा तिथं शिकवते. माझा पंखा कुरकुरतो, दोन दिवे लागत नाहीत, आणि दर वर्षी नवे विद्यार्थी माझे स्क्रू काढून पुन्हा लावतात. एखादा स्क्रू कमी लागतो. दुर्गा प्रत्येक तुकडीला तो नियम एकदा स्वतःच्या हातानं लिहायला लावते. गेल्या आठवड्यात वैष्णवी नावाच्या विद्यार्थिनीनं तो लिहिला आणि दचकून म्हणाली, "मॅडम, एवढं सोपं असतं? मग लोकांना कळत कसं नाही?"

"लोकांना नाही कळत," दुर्गा म्हणाली. "आपल्याला कळतं."

वैष्णवीनं ती ओळ पुसली.

माझे फार दिवस उरलेले नाहीत. सुटे भाग मिळेनासे झालेत. जाण्याआधी तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमचं बोलणं कुठल्या लोखंडी खोक्यातून जातं आणि तिथं त्याला कोण थांबवतं, हे तुम्हाला घरी बसून दिसणार नाही. ज्यांना दिसतं अशी थोडी माणसं आहेत. त्यातलं कुणी आपली नोकरी बाजूला ठेवून सांगायला उभं राहिलं, तर त्याची भाषा अवघड वाटली तरी उठून जाऊ नका. दोन मिनिटं बसा. विचारा, म्हणजे काय?