दादीच्या डब्यातले कागद

"मॅडम, ज्या लेखकाचा कुठल्याच सत्यावर विश्वास न्हाई, त्याला ठेच लागल्यावर तो कुणाचं नाव घेतो?"

बाकावरच्या पोरींनी पैज लावली होती, दम असंल तर विचार म्हणून. आणि मी विचारलं! गेल्या वर्षीपर्यंत हजेरी देतानाही मला घाम फुटायचा. आता केजच्या आमच्या अख्ख्या अकरावी आर्ट्ससमोर ताठ उभी होते.

"आईचं!" मागून कुणीतरी ओरडलं आणि वर्ग हसून लोळला.

खाडे मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या उत्तर-आधुनिक साहित्य आणि धर्म या विषयावर पीएच.डी. करतात. म्हणजे अशा कादंबऱ्या, ज्यांत लेखक मध्येच तोंड घालून सांगतो की हे सगळं मी रचलंय, एकच एक खरं असं काही नसतं. आणि तरी त्यांत देव कुठून ना कुठून डोकावतोच. तो का, हे मॅडम शोधतायत. त्या म्हणाल्या, "उत्तर आपापल्या घरात शोधा. दोन पानं लिहा. जिचं सगळ्यात चांगलं, ती शनिवारी माझ्यासोबत बीडच्या चर्चासत्रात बोलेल."

बीड! स्टेज! माइक! प्रश्न मी विचारलेला, म्हणजे माइकही माझाच, असं मी धरूनच चालले. चार दिवस लायब्ररीत बसून लिहिलं. 'विखंडन' हा पुस्तकी शब्द सहा वेळा घातला. घरात काही शोधलं नाही. आमच्या घरात आहे काय? अब्बांचं मोटार वाइंडिंग, अम्मीची शिलाई मशीन आणि दादी.

निवड झाली सायलीची. माझ्याच शेजारी बसणाऱ्या, माझ्याच डब्यात जेवणाऱ्या सायलीची. मॅडमनी तिचं लिखाण वर्गात वाचलं:

"माझ्या मैत्रिणीच्या दादीला वाचता येत नाही. पण रस्त्यात उर्दू अक्षरांचा कागद दिसला की ती थांबते, गुडघा दुखत असला तरी वाकते, कागद उचलून डोळ्यांना लावते आणि घरी नेऊन डब्यात ठेवते. अल्लाहचं नाव असेल तर कुणाचा पाय पडू नये म्हणून. डबा भरला की कागद नदीत सोडतात. सगळं वाचलेले लेखक म्हणतात, शब्दांत पवित्र काही नसतं. एक अक्षर न वाचलेली दादी म्हणते, असलं तर?"

मला तर कानातून धूर निघतोय असं वाटलं. ही माझी दादी! बाजारात ती वाकायची तेव्हा मी लाजून चार पावलं पुढं निघून जायची. आणि ही मात्र थांबून बघत होती?

मधल्या सुटीत सायली जवळ आली. "ए आफ्रे, तोंड कावून पाडलंस?"

"माझी दादी चोरलीस तू."

"चोरली? तू तर रोज बघतीस तिला. मग तू लिहिलं न्हाईस कावून?"

मी दप्तर उचललं आणि दुसऱ्या बाकावर जाऊन बसले.

संध्याकाळी ती घरी येऊन डबा मागायला लागली, बीडला दाखवायला. दादी खूश. "ने की बेटी! डब्याला काय सोनं लागलंय? लई हुशार पोरगी हाय गं ही." आणि माझ्यासाठी ठेवलेली खीर तिच्या वाटीत! मला वाटलं, वाटी उचलून पळावं.

सायली शुक्रवारी डबा न्यायला येणार होती. गुरुवारी दुपारी तो लपवायच्या इराद्यानंच मी काढला. घाईत झाकण निसटलं आणि कागद फरशीवर सांडले. ते घाईघाईनं गोळा करता करता मी अक्षरं जुळवू लागले. मदरशात शिकलेलं थोडंथोडं कामी आलं. एक सुरम्याची जाहिरात. एक फाटकी लग्नपत्रिका. आणि एक, तीनदा वाचून खात्री केली, मूळव्याधीवर हमखास इलाज!

मी पोट धरून हसले. "दादी! ह्ये तू डोळ्याला लावलंस? मूळव्याधीचं औषध हाय ह्ये!"

दादीनं कागद हातात घेतला, निरखला, आणि परत डोळ्यांना लावला. "असू दे की. दुखणाऱ्यानं पण त्याचंच नाव घेतलं असंल ना."

माझं हसू थांबलं. हे सायलीकडे नव्हतं. सायलीनं दादी पाहिली होती, पण कागद तिला वाचता येणार नव्हते. मी दोन नवी पानं लिहिली, एकदाही 'विखंडन' न घालता, आणि तशीच मॅडमच्या घरी गेले. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, "दोघी बोला. पण घरून परवानगी आण."

सायलीबद्दलची जळजळ गेली नव्हती. खीर तर मी विसरणारच नाही. पण तिनं दादी पाहिली नसती तर मी डबा उघडला नसता, हेही खरं होतं, आणि तेच जास्त झोंबत होतं.

अब्बा मोटारीत तांब्याची तार भरत होते. अम्मी काजं करत होती. मी दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले.

"अब्बा, अम्मी, शनिवारी मी बीडला जाणार. सायली दादीबद्दल बोलंल, कागद मी वाचणार. स्टेजवर. माइकवर. आणि सोमवारपासून उर्दूच्या शिकवणीला जाणार, कारण डब्यातले निम्मे कागद मला वाचताच आले न्हाईत. मी विचारत न्हाई, सांगतेय."